सातावर थांबलेली गिनती

आमची तुकडी त्या पोस्टवर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चढली आणि मार्चअखेर उतरायची होती. पोस्ट उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगररांगेत होती. तिचे नाव सांगण्याची गरज नाही. मी तेव्हा नायब सुभेदार होतो. वय त्रेचाळीस, नोकरी चोवीस वर्षे. पोस्टवर एकवीस जवान होते आणि लिंक पेट्रोलची जबाबदारी माझ्याकडे होती.

लिंक पेट्रोल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पोस्टपासून साडेतीन तास खाली फायबरची एक हट होती. रॉकेल, रेशन, डाक आणि औषधे खालचे लोक तिथपर्यंत आणून ठेवत. आम्ही आठवड्यातून तीनदा उतरून ते सामान घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी परत चढायचो. पेट्रोलमध्ये सात जण असत. पुढे मी, शेवटी नाईक शिंदे. पाच महिने हेच सात जण, याच क्रमाने, याच वाटेने चालले.

हे आज लिहिण्यास एक कारण घडले. बाभुळगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी स्मरणिकेसाठी मला लेख मागितला. विषय त्यांनीच सुचवला : सैनिकाच्या चांगल्या सवयी. ते म्हणाले, "साहेब, तुमचं बघून शिकावं पोरांनी. पहाटे उठणं, अंथरूण घडी करणं, वेळ पाळणं. सवयीनंच माणूस घडतो." मी होकार दिला. मग तीन आठवडे माझ्याने एक ओळही लिहिली गेली नाही. सवयीबद्दल मला जे खरोखर ठाऊक आहे ते स्मरणिकेत शोभणारे नाही. तरीही तेच लिहीत आहे. छापायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे.

बर्फात माणूस सवयीवर जगतो. तिथे विचार मंदावतो. साधी बेरीज करायला वेळ लागतो. आपला हातमोजा आपणच काढला की दुसऱ्याने, हे आठवत नाही. म्हणून फौज प्रत्येक गोष्टीची सवय लावते. बूट कोणत्या क्रमाने चढवायचे, रायफलवरचा बर्फ कधी झाडायचा, पाणी कधी प्यायचे, हे सगळे इतक्या वेळा करून घेतात की पुढे ते करायला डोके लागत नाही. या सवयींनी माझा जीव निदान दोनदा वाचवला आहे. त्यांच्याविषयी मी कृतज्ञ आहे, हे आधी नोंदवून ठेवतो.

त्या सवयींत गिनती ही सर्वांत मोठी. प्रत्येक हॉल्टवर, प्रत्येक धोक्याच्या पट्ट्यानंतर पेट्रोल लीडर मागे न वळता आवाज देतो, "गिनती!" मागचे आपापला नंबर बोलतात. एक मी स्वतः. मग दोन, तीन, चार, पाच, सहा. शेवटी शिंदेचा घोगरा आवाज : "सात!" त्यानंतर मी वायरलेसवर नफरी कळवायची. नफरी म्हणजे हजर माणसांचा आकडा. "नफरी सात, ऑल ओके." पलीकडून, "रॉजर, सात, ऑल ओके." आणि पाऊल पुढे. पाच महिन्यांत ही गिनती मी काही शे वेळा घेतली असेल.

शिपाई विलास आडे त्या पेट्रोलमध्ये नव्हता. तो पोस्टच्या पहाऱ्यावर असे. सत्तावीस वर्षांचा, पुसदकडच्या एका तांड्यावरचा. मी बाभुळगावचा, म्हणजे आम्ही दोघे एकाच जिल्ह्याचे. त्या उंचीवर या गोष्टीला फार महत्त्व येते. चहाच्या वेळी तो मुद्दाम माझ्याशी वऱ्हाडीत बोले.

"साहेब, तुमच्याकडं कापूस वेचून झाला असन ना?"

"झाला असेल."

"आमच्याकडं पऱ्हाटी उपटून राह्यले असतीन. बापू एकटाच असन. मी राहतो तर दोन दिसाचं काम होतं."

"आडे, पहाऱ्यावर लक्ष दे."

"लक्ष हाय साहेब. इथं काय, बर्फच तर राखून राह्यलो. तो कुठं पळून जाते?"

त्याला गप्प राहणे जमत नसे. मला ते आवडे आणि मी ते कधी दाखवले नाही. लीडरने दाखवू नये, अशीही एक सवय असते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याची रजा मंजूर झाली. साठ दिवस. संध्याकाळी चार वाजता मी त्याला सांगितले की तू उद्या आमच्यासोबत हटपर्यंत उतरशील, पुढे खालचे लोक नेतील. त्याने सॅल्यूट केला आणि लगेच विचारले, "साहेब, रजेचा कागद आत्ताच भेटन का? हातात असला म्हंजे झोप लागते." मी कागद दिला. त्याने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीच्या खिशात ठेवला आणि खिशाचे बटण दोनदा तपासले.

आता माझी चूक सांगतो. नियम असा आहे की पेट्रोलमध्ये नवा माणूस आला, तर त्याला मधे घालावे. पुढे आणि मागे वाटेचे जाणकार हवेत. हा नियम मला पाठ होता; मी तो इतरांना शिकवत असे. पण आडेला मधे घातले असते, तर त्याच्या मागच्या सगळ्यांचे नंबर बदलले असते. चार पाच झाला असता, शिंदे आठ झाला असता. थंडीत माणसे नंबर विसरतात, गोंधळतात, गिनती दोनदा घ्यावी लागते. असा गोंधळ मी पूर्वी पाहिला होता. म्हणून सकाळी लाइन लावताना मी म्हणालो, "आडे, शिंदेच्या मागे. तुझा नंबर आठ."

शिंदे क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला.  मी कारण विचारले नाही.

०५२० वाजता आम्ही निघालो. पोस्टच्या ऑपरेटरने वायरलेसवर खालच्या हटला कळवले, "लिंक पेट्रोल रवाना, नफरी आठ." आकाश स्वच्छ होते. वारा दक्षिणेकडून, मंद.

पहिला हॉल्ट ०६१५. मी आवाज दिला, "गिनती!" दोन, तीन, चार, पाच, सहा. शिंदेचा "सात!" आणि मग मागून खणखणीत आवाज आला :

"आठ! आडे! छुट्टी!"

सगळे हसले. पाच महिन्यांत त्या वाटेवर कोणी हसले नव्हते. मीही तोंड पुढे ठेवूनच हसलो. मग ०७१० ला दुसरा हॉल्ट. पुन्हा तेच, त्याहून मोठ्याने : "आठ! आडे! छुट्टी!" त्या ठिकाणी वरचा उतार सैल होता आणि आवाज करू नये असा संकेत होता. मी वळलो आणि म्हणालो, "आडे, नंबरच बोल. बाकी काही नको."

"जी साहेब."

०८०५ ला तिसरा हॉल्ट. या वेळी "सात" नंतर एक हलका "आठ" ऐकू आला. तो त्याचा मी ऐकलेला शेवटचा शब्द.

०८४० वाजता आम्ही नाल्याचा तिरका पट्टा ओलांडत होतो. प्रत्येकामध्ये दहा पावलांचे अंतर होते. माझ्यासह बहुतेक जण पलीकडे पोचलेले. वरून आवाज आला. फार मोठा नव्हता. ताडपत्री ओढावी तसा. मी ओरडलो, "स्लाइड! आगे भागो!" बर्फाची भुकटी उडाली आणि पाच पावलांपलीकडचे दिसेनासे झाले. स्लाइड लहान होती. शिंदेच्या गुडघ्यापर्यंत आली आणि थांबली. एकूण पंधरा-वीस सेकंद.

मी जागेवर उभा राहून आवाज दिला, "गिनती!"

"दो!" "तीन!" "चार!" "पाँच!" "छे!"

आणि शिंदेचा घोगरा आवाज, "सात!"

सात ऐकताच माझा श्वास मोकळा झाला. मला जे वाटले ते मी जसेच्या तसे सांगतो : सगळे आहेत. हा विचार नव्हता. तो शब्द कानावर पडला आणि आतले दार लागले. मी वायरलेस उघडला.

"स्लाइड क्रॉस्ड. नफरी सात. ऑल ओके. ओव्हर."

"रॉजर. नफरी सात. ऑल ओके. आउट."

ऑपरेटरच्या लॉगमध्ये सकाळचा आकडा आठ होता. त्याच पानावर, त्याच हस्ताक्षरात त्याने सात लिहिले. त्यालाही सातच लिहिण्याची सवय होती. मी त्याला दोष देत नाही. मी म्हणालो, "आगे बढ़." आम्ही चालू लागलो. पट्टा ओलांडल्यावर थांबायचे नाही, हीही शिकवण.

०९०६ वाजता हटचे दार उघडले. हट सांभाळणारा लान्स नाईक कदम कोल्हापूरकडचा. स्टोव्ह पेटलेला होता. फळीवर चहाने भरलेले मग मांडून ठेवले होते आणि त्यांच्यातून वाफ निघत होती. आम्ही एकेक आत आलो, एकेक मग उचलला. मी बुटांवरचा बर्फ झाडत होतो. कदम म्हणाला,

"साहेब, आठवा मागनं येतोय व्हय?"

मी फळीकडे पाहिले. एक मग उरला होता.

 शिंदेने स्वतःच्या हातातला मग खाली ठेवला आणि दारातून मागे पाहिले. पाच महिन्यांत त्याने पहिल्यांदा मागे पाहिले असावे. मी वायरलेस घेतला आणि म्हणालो, "करेक्शन. नफरी सात. एक मिसिंग. शिपाई आडे." 

०९४५ वाजता आम्ही फावडी आणि सळया घेऊन पट्ट्यावर पोचलो. बर्फाखाली माणूस किती वेळ तग धरतो, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. स्लाइडला पासष्ट मिनिटे झाली होती. आम्ही ओळीत उभे राहून सळया खुपसत गेलो. कोणीतरी त्याचे नाव घेऊन हाका मारत होते. तो मीच होतो, असे नंतर शिंदेने सांगितले. अकरानंतर ढग उतरले. १३२० वाजता वरचा उतार दुसऱ्यांदा हलला आणि वायरलेसवर हुकूम आला.

"वापस आओ. हट में रहो."

"सर, एक घंटा और."

"निगेटिव्ह. और कोई नहीं खोना है. आउट."

मी माणसे मागे घेतली. त्यानंतर तीन दिवस हवामान उघडले नाही.

ती हट चार माणसांसाठी होती. आम्ही आठ जण होतो : पेट्रोलचे सात आणि कदम. पाय पसरायचे तर दुसऱ्याच्या पायावर पडत. दार आतून बांधलेले होते आणि बाहेर बर्फ चढत होता. दर तीन तासांनी दोघे जण हवेचे भोक मोकळे करून येत. खालून आणि वरून वाट बंद. करण्यासारखे काही नव्हते आणि एकमेकांचे तोंड टाळता येईल इतकी जागा नव्हती.

दर तासाला पोस्टवरून विचारणा येई. "हट, नफरी बताओ."

"आठ."

"रॉजर, आठ."

हे मला तीन दिवस दर तासाला बोलावे लागले. आकडा बरोबर होता आणि माणूस नव्हता. प्रत्येक वेळी माझ्या तोंडून "आठ" आला की बाकीचे खाली पाहत.

तो उरलेला मग फळीवर तसाच राहिला. पहिल्या संध्याकाळी त्यातला चहा गोठला. हटमध्ये एकूण आठच मग होते आणि आम्हीही आठ, तरी कदमने तो मग वापरला नाही. स्वतः डब्याच्या झाकणातून चहा प्यायला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी शिंदे आपणहून बोलला. "साहेब, मी कायम शेवटचा असतो. माझ्या मागं कोण असतं हे बघायची मला सवयच नाही. सकाळी एकदा वाटलं होतं, म्हणावं, आडेला मधे घ्या. पण म्हटलं, तुम्ही ठरवलंय."

"बरोबर होतं तुझं."

"मग म्हणायला पायजे होतं."

"तू नाही. मी."

तेवढेच संभाषण झाले. पण त्या तीन दिवसांत मी ती गिनती मनात पुन्हा पुन्हा ऐकली आणि मला एक गोष्ट समजली. सवयीला आरंभ असतो आणि शेवट असतो. "गिनती" हा आरंभ, "सात" हा शेवट. या दोन्हींच्या मधे मी माणसे मोजत नव्हतो. मी ओळखीच्या शेवटाची वाट पाहत होतो. तो आला की माझे कान बंद होत. पहिल्या दोन हॉल्टवर आडेने सातानंतर इतका मोठा आवाज केला की माझ्या कानांना उघडे राहणे भाग पडले. त्याच्या थट्टेने माझी सवय मोडत होती. आणखी दोन हॉल्ट ती चालली असती, तर स्लाइडनंतरची शांतता मला खटकली असती. ती थट्टा मीच बंद केली.

चौथ्या दिवशी ०७३० वाजता ढग उघडले. ०९१० वाजता शिंदेच्या सळीला तो लागला. शिंदे जिथे उभा राहून "सात" म्हणाला होता, तिथून अकरा पावलांवर. बर्फ चार फूटही नव्हता. छातीच्या खिशाचे बटण लावलेले होते आणि रजेचा कागद कोरडा होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सर्व वेळा खऱ्या सांगितल्या. चुकीची नफरी कळवल्याबद्दल माझ्या रेकॉर्डवर ठपका आला. तो योग्य होता. आडेला शेवटी का उभे केले, हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. घरी जे पत्र गेले त्यात हिमस्खलनात वीरमरण आल्याचे लिहिले होते. त्यात काही खोटे नव्हते.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी मी रजा काढून त्याच्या घरी गेलो. सर्व सांगायचे, असे ठरवून गेलो होतो. बाभुळगावहून यवतमाळ, तिथून पुसदची एसटी, पुढे ऑटो. तांड्याच्या टोकाला त्यांचे स्लॅबचे घर आहे. अंगणात एका बाजूला पऱ्हाटीच्या वाळल्या काड्यांचे भारे, दुसऱ्या बाजूला तुरीचे कुटार, म्हणजे भुसा. विलासचे वडील हरसिंगबापू यांनी मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली. त्याची पत्नी कविता हिने चहा आणला. मी पेढ्यांचा पुडा ठेवला आणि तोंड उघडले, तेव्हा बाहेर आले ते हे : "विलास माझ्या पेट्रोलमध्ये होता. चांगला सोल्जर होता. त्याला त्रास झाला नाही."

बापूंनी मान हलवली. मी चहा पिऊन परतलो आणि एसटीत बसल्यावर मला हलके वाटले. तिथेच मी अडकलो.

दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो. तिसऱ्या वर्षी गेलो. निवृत्तीनंतरही गेलो. तीच एसटी, तोच पुडा, तीच खुर्ची आणि तीच तीन वाक्ये. दर वर्षी जाताना सांगायचे ठरवे आणि खुर्चीत बसलो की वाक्ये आपोआप येत. ती संपली की आतले दार लागे. लोक म्हणत, वानखडे साहेब किती निष्ठेने जातात. मी प्रायश्चित्ताचीही सवय करून टाकली होती, आणि ती मला खरे बोलण्यापासून नेमाने वाचवत होती.

घरी मी अजून मोजतो. जेवायला बसलो की ताटे, लग्नात गेलो की पंगत, एसटीत बसलो की डोकी. माझी पत्नी म्हणते, "दोघंच तर आहो घरी. काय मोजून राह्यले?" मी मोजतच राहतो.

यंदा दहावी खेप होती. सकाळी ११४० वाजता मी त्या खुर्चीत बसलो. पलीकडे शेताच्या धुऱ्यावर पळस फुलला होता. बापू आता थकले आहेत. डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. कविता दारात उभी होती. मी पुडा ठेवला, घसा साफ केला. तेवढ्यात ती हसून म्हणाली,

"थांबा साहेब, आज मी म्हणू का? 'विलास माझ्या पेट्रोलमध्ये होता. चांगला सोल्जर होता. त्याला त्रास झाला नाही.' झालं ना बरोबर?"

बापू म्हणाले, "काय वं कविता, साहेबाले काहून चिडवतं?"

"चिडवत नाही बापू. दहा वर्सं झाले, मले पाठ झालं. आता साहेब चहा पितीन अन् म्हणतीन, 'येतो मग.'"

तिने ते वाईट हेतूने म्हटले नव्हते. पण माझी वाक्ये तिने घेतली होती आणि माझ्याजवळ बोलायला दुसरे काही उरले नव्हते. मी पुड्याची दोरी सरळ करत राहिलो. शेवटी बापूंनी विचारले, "बरं नाही वाटून राह्यलं का साहेब?"

मग मी सांगितले. नियम, नंबर, शिंदेच्या मागची जागा, स्लाइड, सात, हट, मग. वेळा सांगितल्या. कशालाही कारण जोडले नाही.

बापूंनी एकच गोष्ट पुन्हा विचारली. "म्हंजे तो पंचवीस मिनिट तिथंच होता."

"हो."

"अन् तुम्ही चालून राह्यले होते."

"हो."

कविता म्हणाली, "त्रास नाही झाला, हे तुम्हाले कसं मालूम?"

"मला माहीत नाही. ते मी खोटं बोललो."

"मंग इतके साल काहून नाही सांगितलं?"

मी खरे तेच सांगितले. "न सांगण्याची सवय झाली."

ती आत गेली. चहा त्या दिवशी आला नाही.

बापूंनी तंबाखू मळायला घेतली आणि मळत राहिले. तोंडात टाकली नाही. मग म्हणाले, "माझा आजा लदेणीवर जाये. बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य लादून, जंगलाजंगलानं. दोन-दोनशे बैल. तो सांगे, मुक्कामाले पोचलं का गिनती मांगून करत. पुढचा बैल काय, तो तर दिसूनच राह्यला. हरवते तो मांगचा." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बैलाले करत होते साहेब. बैलाले."

 मी उठलो. ते म्हणाले, "बसा." तो हुकूम होता. मी बसलो.

"तो आखरीले काय बोल्ला?"

"आठ."

"बस, इतकंच?"

तेव्हा मी थट्टेचेही सांगितले. पहिल्या हॉल्टवर सगळे कसे हसले, दुसऱ्यावर मी त्याला कसे गप्प केले, तिसऱ्यावर तो कसा हळू बोलला. बापूंचा हात थांबला. त्यांच्या तोंडावर हसू आले आणि ते तसेच राहिले. डोळे मात्र वाहू लागले.

"छुट्टी म्हणे?"

"हो. 'आठ, आडे, छुट्टी.'"

"असा नसन म्हणला तो. कसा म्हणला, म्हणून दाखवा."

मी हळू बोलणारा माणूस आहे. पूर्वी नव्हतो, त्या हटनंतर झालो. मी पुन्हा म्हणालो, थोडे मोठ्याने. बापूंनी मान हलवली, नाही म्हणून.

आतून कविताचा आवाज आला. ती दाराशी आली होती, चौकट धरून. "आखीन मोठ्यानं म्हणा साहेब. तो घरी आला का तांड्याच्या नाक्यावरूनच आवाज देये. सगळ्यायले मालूम पडे."

मी उठून उभा राहिलो. टाचा आपोआप जुळल्या. तेवढी सवय मी राहू दिली. आणि शिपाई विलास हरसिंग आडे, नंबर आठ, याची दहा वर्षे राहिलेली हजेरी मी त्याच्या अंगणात, माझ्या सगळ्या आवाजाने दिली.

"आठ! आडे! छुट्टी!"

कुटारावरची कोंबडी उडाली. शेजारच्या अंगणातली माणसे उठून पाहू लागली. बापूंनी डोळे मिटले होते.

शेवटचा नंबर आला की लीडरने पुढे चालायचे असते. मी तिथेच उभा राहिलो आणि त्यानंतरची शांतता पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकली.